परतीची विहीर

तळघरातली पांढरी पेटी दाखवली की घरमालक खूश होतात. कपाटाएवढी पेटी, आवाज जेमतेम, समोर छोटा पडदा आणि त्यावर तीन-चार आकडे. शेजारीपाजारी तीच बघायला येतात, तिचीच किंमत विचारतात. म्युनिकच्या आसपास घरांना हीट पंप बसवण्याची कामं मी गेली काही वर्षं करतोय आणि आता मला त्या पेटीत फारसा रस उरलेला नाही. ती कारखान्यातून येते, बहुतेक वेळा मुकाट्यानं चालते, बिघडली तर सुटा भाग बदलता येतो. खरं काम बाहेर बागेत असतं, दोन लोखंडी झाकणांखाली. एका झाकणाखाली पाणी उपसायची विहीर, दुसऱ्याखाली तेच पाणी परत जमिनीत सोडायची. पहिलीचं कौतुक सगळ्यांना असतं. भांडणं, बिघाड आणि माझी अपुरी झोप यांना बहुधा दुसरी कारणीभूत असते.

विहीर म्हटलं तरी ती आपल्याकडच्या बोअरसारखीच, फक्त उथळ. केसिंग पाइप, खालच्या भागाला चिरा, भोवती निवडून घातलेली बारीक खडी, आत सबमर्सिबल. वाळवा तालुक्यातल्या माणसाला यात नवीन काही नाही. आमच्या शेतातल्या विहिरीवर थंडीत पहाटे मोटर चालू केली की पाटाच्या तोंडाशी वाफा निघायच्या, पाण्यात हात घातला तर ऊब लागायची. वैशाखात त्याच पाण्यानं अंग शहारायचं. पाणी तेवढंच असतं, बदलते ती वरची हवा. जमिनीत थोडं खोल गेलं की पाण्याचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानापाशी येऊन थबकतं. म्युनिकच्या परिसरात ते साधारण दहा ते बारा अंश असतं. भर शहरात थोडं जास्तच भरतं, कारण तळघरं, भुयारं आणि डांबराखालची जमीन त्याला सतत ऊब देत राहतात. बाहेर जानेवारीत उणे दहा असो की जुलैत तेहतीस, झाकण उघडून मोजलं तर आकडा थोडाफारच हललेला दिसतो. या एका गोष्टीवर माझा सगळा धंदा उभा आहे.

"दहा अंशाच्या पाण्यानं घर तापतं कसं? शेवटी हिटरच लावत असाल," असं आबा फोनवर म्हणाले होते. आबा म्हणजे माझे वडील. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीवर त्यांनी ऊस पिकवला, तेव्हा त्यांना गोलमाल उत्तर चालत नाही. मी त्यांना हिशेबच सांगितला. एक हजार लिटर पाणी चार अंशांनी गार केलं तर त्यातून साडेचार युनिटांहून थोडी जास्त उष्णता निघते. तासाला दोन हजार लिटर उपसलं तर नऊ युनिटं. पेटीतलं रसायन फार कमी तापमानाला उकळतं, म्हणून दहा अंशाचं पाणीसुद्धा त्याला उकळवायला पुरतं. त्याची वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबली की ती तापते, आणि ती उष्णता घराच्या फरशीखालच्या पाण्याला मिळते. कॉम्प्रेसर खातो ती वीज दोन-सव्वादोन युनिटं, घरात पडतात अकरा. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि ते गार झालेलं पाणी?" परत जमिनीत सोडतो, म्हटलं. "मग उपसता कशाला?" यावर ते बराच वेळ हसत होते.

गिऱ्हाइकांना हे तंत्रज्ञान काल-परवा निघालं असं वाटतं, त्याची मला गंमत वाटते. झुरिकच्या नगरभवनात 1938 साली लिमात नदीच्या पाण्यावर हीट पंप बसला. अमेरिकेत पोर्टलंडला 1948 मध्ये उभी राहिलेली इक्विटेबल इमारत भूजलावरच गरम आणि गार होत होती. मधल्या काळात तेल आणि गॅस स्वस्त राहिले, म्हणून लोकांना विहिरींची आठवण झाली नाही. आता नव्या कायद्यांमुळे आणि अनुदानामुळे झाली आहे. 2024 पासून जर्मनीत जुना बॉयलर काढून हीट पंप बसवला तर खर्चाच्या तीस टक्के मूळ अनुदान मिळतं. पाणी किंवा जमिनीतून उष्णता घेतली तर आणखी पाच टक्के, आणि बाकीच्या अटी जुळल्या तर सगळं मिळून जास्तीत जास्त सत्तर. अर्ज भरायला माझी बायको बसते. मला ते फॉर्म बघून धडधडतं.

म्युनिक ज्यावर वसलंय ते मैदान म्हणजे गोट्यांचा प्रचंड ढिगारा आहे. हिमयुगात आल्प्समधून वितळून आलेल्या पाण्यानं तो आणून टाकला. दक्षिणेकडे हा थर जाड आणि पाणी खोल, वीस-तीस मीटर किंवा त्याहून खाली. उत्तरेकडे थर पातळ होत जातो आणि पाणी वर येतं. दाखाऊ आणि एर्डिंगच्या पाणथळ पट्ट्यात ते काही ठिकाणी हाताच्या अंतरावर असतं. पाण्याचा ओघ साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे. गोट्यांमधून ते इतकं सहज वाहतं की आमच्या पट्टीच्या माणसाचा विश्वास बसू नये. बेसाल्टच्या भेगांतून झिरपणारं पाणी बघत मी मोठा झालो. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात दोन तास मोटर चालली की फूटव्हॉल्व्ह उघडा पडायचा. इथे पहिल्या उपसा-चाचणीला मी फीत हातात धरून बसलो होतो. ही फीत पाण्याला टेकली की पीं वाजते. तासनतास उपसा झाला तरी पातळी उतरली ती काही सेंटिमीटरच. फीत बिघडली असावी म्हणून मी दुसरी मागितली, तर बोअरवाला सिगारेट पेटवत नुसता हसला.

पाणाडे इथेही आहेत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हट्टानं बोलावला होता. आपल्याकडे उंबराची दुबेळकी घेऊन फिरतात तसाच काटकी घेऊन आला, बागेत तीन फेऱ्या मारल्या, जागा दाखवली. पाणी लागलं. त्या गावात कुठेही पहार मारली असती तरी लागलंच असतं, पण त्याचे पैसे त्यानं घेतले. बोअर कुठे मारायची हे पाण्यापेक्षा कुंपणावर, झाडांवर आणि मशीन आत शिरायच्या वाटेवर ठरतं. सरकारी नकाशे पातळी, दिशा आणि थराची जाडी आधीच सांगतात. बव्हेरियाच्या पर्यावरण खात्याचे हे नकाशे घरबसल्या बघता येतात, आणि मी गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी तेच बघून ठेवतो.

दोन विहिरींमध्ये निदान दहा-पंधरा मीटर अंतर हवं आणि परतीची विहीर ओघाच्या खालच्या अंगाला हवी. सांगायला एक ओळ आहे, करताना रामायण. कारण खालचं अंग म्हणजे उत्तर, आणि बहुतेक घरांच्या उत्तरेला रस्ता, गॅरेज किंवा शेजारी असतो. मोकळी बाग दक्षिणेला. एका बाईंना परतीची विहीर वरच्या अंगालाच हवी होती. खाली त्यांचे गुलाब होते, सासूबाईंनी लावलेले. आमच्या मालकांनी, म्हणजे पन्नास वर्षं हाच धंदा केलेल्या बव्हेरियन गृहस्थांनी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कागदावर चित्र काढलं. वर सोडलेलं गार पाणी वाहत खाली येणार, आपल्याच उपशाच्या विहिरीत शिरणार, आपण ते पुन्हा गार करून पुन्हा वर सोडणार. ऑक्टोबरात अकरा अंश, डिसेंबरात आठ, आणि फेब्रुवारीत ऐन कडाक्यात यंत्र हात वर करणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे मी मनात म्हटलं. त्यांना म्हणून काही उपयोग नव्हता. शेवटी गुलाब हलवले गेले. बोअरच्या दिवशी बाई माहेरी निघून गेल्या होत्या.

परवानगीशिवाय काहीच होत नाही, आणि ते बरंच आहे. पाणी कुणाच्या मालकीचं नाही, म्हणून उपसायला आणि परत सोडायला जिल्ह्याच्या कार्यालयाची परवानगी लागते. बव्हेरियात 50 किलोवॉटपर्यंतच्या कामाला मान्यताप्राप्त खासगी तज्ज्ञाच्या अहवालावर सोप्या वाटेनं ती मिळते. तांत्रिक नियमानुसार परत सोडलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा सहा अंशांहून जास्त गार किंवा गरम नको, आणि पाच ते वीस अंशांच्या बाहेर जायला नको. कारण आपण गार केलेल्या पाण्याची एक लांबट जीभ ओघाबरोबर पुढे सरकत जाते. तिच्या वाटेत खालच्या शेजाऱ्याचा हीट पंप आला तर त्याच्या वाट्याला गार पाणी येतं. त्यामुळे तज्ज्ञ आधी आसपासच्या विहिरींची यादी काढतो. खोलवरच्या, मातीच्या थराखालच्या पाण्याला तर हातच लावायचा नाही, ते पिण्यासाठी राखून ठेवलेलं आहे. त्या थराला भोक पाडलं तर वरचं-खालचं पाणी एक होतं. बोअरवाला गोटे संपून राखी चिकणमाती वर यायला लागली की थांबतो, ते याच भीतीनं.

उत्तरेकडच्या पाणथळ पट्ट्याच्या कडेला एक घर होतं, सत्तरच्या दशकातलं, खाली-वर दोन कुटुंबं. यंत्रणा दुसऱ्याच एका मंडळींनी काही वर्षांपूर्वी बसवलेली. फेब्रुवारीत घरमालकाचा फोन आला की बागेत झरा लागलाय. आम्ही गेलो तेव्हा परतीच्या विहिरीच्या झाकणाभोवतून पाणी वर येत होतं, गवतावरून वाहत फाटकाशी गोठलेलं, आणि त्या बर्फाचा रंग तांबूस. मोटर थांबवून, पाणी उतरल्यावर झाकण काढलं. आतल्या पाइपच्या भिंतीवर बोटभर जाडीचा बुळबुळीत थर होता, नारिंगी-तपकिरी. हातमोजा घालून खरवडला तर कागदावर गेरूचा ओघळ उमटला. गेरूच तो, अंगणात तुळशीवृंदावनाला लावतात तो. मैदानातल्या गोट्यांमधलं पाणी हवेशीर असतं, त्यात विरघळलेलं लोह नगण्य. पण जुन्या दलदलीखाली कुजलेली झाडंझुडपं पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात आणि लोह विरघळून पाण्यात येतं. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं. हवा लागली की गेरू खाली बसायला सुरुवात होते, आणि त्याच्यावर जगणारे जिवाणू ते काम आणखी वेगानं करतात.

हवा लागली कशी ते बॅटरी मारल्यावर दिसलं. परतीचा पाइप पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या दीड हात वर संपत होता. पाणी धबधब्यासारखं खाली पडत होतं आणि पडताना हवा घेऊन जात होतं. नळी आणखी दोन-तीन मीटर खाली न्यायला किती खर्च आला असता? एका जेवणाचा. पण नळी पाण्याखाली बुडालेली असावी, कमीत कमी पातळीच्याही खाली, आणि वरचं झाकण हवाबंद असावं, हे कागदावर लिहिलेलं असतं आणि संध्याकाळी साडेचारला, पाऊस पडत असताना, कामगाराला घरी जायची घाई असते. पाण्याची आधी तपासणीही झाली नव्हती. लोह लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमच्या आत आणि मँगनीज 0.1 च्या आत असावं, अशी साधारण मर्यादा यंत्रवाले देतात. आम्ही नमुना पाठवला तर लोह तिच्या कितीतरी वर निघालं.

ब्रश फिरवून, उपसून, रसायन घालून, पुन्हा उपसून विहीर मोकळी केली. टाकीत जमलेला तो तांबडा रबडा ओढून न्यायला वेगळा ट्रक आला. नळी खाली नेली, झाकण बदललं. यंत्रणा तेव्हापासून चालते आहे, पण दर हिवाळ्याच्या आधी तिथे जाऊन पातळी मोजावी लागते, आणि विहिरी पुन्हा बुजणार हे घरमालकालाही ठाऊक आहे. अशा पाण्यावर हे काम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणीचा कागद बघितल्याशिवाय मी आता बोअरवाल्याला फोन करत नाही.

यंत्र आणि विहीर यांच्यामध्ये आम्ही आणखी एक बंद फेरा घालतो. विहिरीचं पाणी पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरमध्ये त्याची ऊब एका न गोठणाऱ्या द्रावणाला देतं, आणि ते द्रावण यंत्रात जातं. यात एक-दोन अंश वाया जातात आणि हिशेबी गिऱ्हाईक ते लगेच काढून दाखवतं. पण मधला फेरा नसेल आणि विहिरीची मोटर थांबली, तर यंत्रातलं पाणी मिनिटांत गोठतं, पत्रे फाटतात, पाणी कॉम्प्रेसरपर्यंत जातं. मग ती पांढरी पेटी भंगारात. प्रवाह कमी झाला की यंत्र बंद करणारा छोटा स्विच असतोच, पण छोट्या स्विचांवर सगळा भरवसा टाकावा असं मला वाटत नाही.

मोटरीबद्दल मात्र हिशेबी गिऱ्हाइकाची बाजू घ्यावीशी वाटते. दोन हजार लिटर पाणी वीस मीटर वर चढवायला चांगली मोटर अडीचशे-तीनशे वॉट घेते. लोक "असू दे जरा मोठी" म्हणून दीड किलोवॉटची सोडतात, मग तिला व्हॉल्व्हनं आवळतात, आणि वर्षाअखेर बिल बघून यंत्राला शिव्या देतात. उत्तम बसवलेल्या ठिकाणी एका युनिट विजेमागे पाच युनिटं उष्णता मिळते. ढिसाळ मोटर त्यातलं एक सहज गिळते.

उन्हाळ्यातला भाग लोकांना सगळ्यात आवडतो. हिवाळ्यातली गंमत बिलावर कळते, ही अंगाला कळते. कॉम्प्रेसर बंदच राहतो. बारा अंशाचं पाणी नुसतं एक्स्चेंजरमधून फिरतं आणि फरशीखालच्या नळ्यांमधून अठरा-वीस अंशांचं पाणी. वीज फक्त मोटरींची. अनवाणी चालताना पायाला शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा लागतो. यापेक्षा गार मात्र करता येत नाही, आणि इथे मला दर जुलैत तेच बोलावं लागतं. खोलीत 26 अंश आणि साठ टक्के दमटपणा असेल तर साडेसतरा अंशांच्या आसपास दव पडायला लागतं. फरशी त्याखाली गेली की ती घामेजते, लाकडी असेल तर फुगते. म्हणून दवबिंदू बघणारा सेन्सर पाणी बंद करतो, आणि नेमका वादळाच्या आधीच्या कुंद संध्याकाळी, जेव्हा गारव्याची सगळ्यात गरज असते, तेव्हा बंद करतो. "एसीसारखं होत नाही," अशी तक्रार येते. होणारच नाही, हवेतला दमटपणा काढणं फरशीचं काम नव्हे. पण उन्हाळ्यात जमिनीत परत गेलेली ऊब वाया जात नाही. आधीच तापलेल्या शहरी पाण्यातून हिवाळ्यात उष्णता काढणारे आणि उन्हाळ्यात घालणारे जितके समसमान असतील तितकं बरं.

"हे आपल्याकडे आणलं तर?" सुट्टीत गावी गेलो की कुणीतरी विचारतंच. विहिरीचं पाणी वर्षाच्या सरासरीला थबकतं हाच नियम तिकडे लावला की उत्तर मिळतं. सांगली-पुण्याकडे वर्षाची सरासरी पंचविसाच्या आसपास, म्हणजे विहिरीचं पाणी साधारण तेवढंच. त्यानं फरशी गार होत नाही, आणि घर तापवायचं तर कारणच नाही. एसीची उष्णता चाळीस अंशाच्या हवेत फेकण्याऐवजी अशा पाण्यात फेकली तर वीज नक्की वाचेल. पण त्यासाठी पाणी हवं, आणि जेवढं घेतलं तेवढं परत त्याच भेगांत मुरायला हवं. बेसाल्टमध्ये शेजारच्या दोन बोअरना एकच भेग लागेल याची खात्री कोण देणार? बोअरची खोली जिथे शेकडो फुटांत मोजतात, तिथे पाणी उपसून परत सोडतो म्हटलं तर लोक आबांपेक्षा मोठ्यानं हसतील.

इथेही सगळ्यांनी विहिरी खणाव्यात असं मी म्हणत नाही. नव्या, नीट बंदिस्त, छोट्या घराला आता हवेवरचा चांगला हीट पंप पुरतो. दोन बोअर, तज्ज्ञ, परवाना, तपासणी हा खर्च तिथे वसूल होत नाही. मालकांना हे पटत नाही, त्यांना विहिरींचा लळा आहे. मला वाटतं, ही गोष्ट मोठ्या घरांसाठी, सात-आठ कुटुंबांच्या इमारतींसाठी, किंवा दोन-तीन घरांनी मिळून करण्यासाठी आहे. गोट्यांमधलं पाणी तीन घरांना पुरून उरतं आणि दोन विहिरींचा खर्च तीन ठिकाणी वाटला जातो.

सध्या असंच एक काम चालू आहे, शहराच्या पूर्वेला, एका ओळीत भिंतीला भिंत लागून तीन घरं. पाणी तपासून झालं, लोह जवळजवळ नाहीच. मोटरीचं बिल कसं वाटायचं ते ठरलं, त्यातलं एक घर विकलं गेलं तर नव्या मालकावर करार कसा बांधायचा ते वकिलानं लिहून दिलं. उपशाची विहीर आपल्या बागेत घ्यायला तिघंही तयार आहेत, एकानं तर त्यावर दगडी कठडा आणि रहाट बांधायचं ठरवलंय. परतीची कुणालाच नकोय. ओघ उत्तरेला आहे, म्हणून ती सगळ्यात उत्तरेच्या घराच्या वाट्याला येणार हे त्या घरातल्या शिक्षिकेला पहिल्या बैठकीतच कळलं होतं. त्यांनी काल मेल पाठवून तीन प्रश्न विचारलेत: पाणी वर आलं तर जबाबदार कोण, झाकण किती मोठं असणार, आणि खर्चात आपल्याला सूट किती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाकीच्या दोघांनी अजून दिलेलं नाही.